कारवान दोरी ओढतोय, गळपट्ट्यातून निसटला पण. काय करावं?

विजापूर_नाका:

नमस्कार मंडळी. अकरा महिन्यांचा कारवान जातीचा कुत्रा आहे, नर, वजन 23 किलो. घरात एकदम शहाणा. बस म्हटलं की बसतो, हाक मारली की येतो. पण दोरी लावून गेटच्या बाहेर पाऊल टाकलं की असा ओढायलाय की खांदा निखळायची वेळ आली. पहिली दहा मिनिटं तर मागच्या दोन पायांवर उभा राहून ओढतो, घशातून घरघर आवाज येतो तरी थांबत नाही. शेळी, मांजर किंवा पळणारं पोर दिसलं की थेट झेप. मागच्या आठवड्यात मान मागं घेऊन गळपट्ट्यातून निसटला. रस्ता मोकळा होता म्हणून वाचला.

आतापर्यंत वापरलेलं सामान: एक इंची नायलॉनचा गळपट्टा, सव्वा मीटरची साखळी, मग ती आपोआप गुंडाळणारी 5 मीटरची दोरी. ओढला की मागं हिसका देऊन बघितला, उलट जास्त जोर लावतो. सकाळी साडेसहाला मी नेतो, रात्री नऊला आई नेते, तिचं वय 61. जुळे सोलापूरच्या आतल्या गल्ल्या आहेत, गर्दी फार नाही, पण भटकी कुत्री भरपूर.

प्रश्न असे: चोक चेन, म्हणजे ओढलं की गळ्याला आवळणारी साखळी, घ्यावी का? हार्नेस, म्हणजे गळ्याऐवजी छाती-पाठीवर बांधायचे पट्टे, घातला की अजून ओढतात असं ऐकलंय, खरं आहे का? खाऊ म्हणून ज्वारीच्या कडक भाकरीचे तुकडे नेतो, घरात आवडीनं खातो, बाहेर तोंडच लावत नाही. आणि सगळं नीट केलं तर किती दिवस लागतील?

जुना_शिकारी:

चोक चेन घ्या, पण नीट घाला. कुत्रा डाव्या हाताला असेल तर साखळीचा आकार इंग्रजी पी अक्षरासारखा दिसला पाहिजे, म्हणजे हिसका दिल्यावर ती लगेच सैल होते. उलटी घातली की आवळूनच राहते. दोन-तीन नेमके हिसके बसले की कारवान समजतो, ही जात हुशार आहे.

सैल_दोरी:

शिकारी अण्णा, चेन घालायची पद्धत तुम्ही बरोबर सांगितली, तरी या कुत्र्याला ती नको. कारवानाची मान लांब, कातडी पातळ आणि मानेवर चरबी जवळजवळ नाही. शेळीमागं झेप घेतली की त्या साखळीला सैल व्हायला वेळच मिळत नाही, सगळा धक्का श्वासनलिकेवर. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. हिसका बसतो त्या क्षणी कुत्रा कुणाकडं बघत असतो? भटक्या कुत्र्याकडं किंवा पोराकडं. दुखणं त्याच्याशी जोडलं जातं. आज नुसतं ओढणारा कुत्रा चार-सहा महिन्यांत पोरं दिसली की गुरगुरायला लागतो आणि घरच्यांना कळत नाही हे आलं कुठून.

आता मूळ प्रश्न. कुत्रा ओढतो कारण ओढल्यावर पुढं जाता येतं, बस. त्याला तुमच्यावर मालकी गाजवायची नसते. माणूस ताशी चार-पाच किलोमीटरनं चालतो आणि कारवानाची आरामातली दुडकी चाल त्याच्या कितीतरी पुढं असते. त्यात अंगाला एका बाजूनं ताण बसला की उलट्या बाजूला जोर लावायचा हे शरीर आपोआप करतं. सव्वा मीटरच्या साखळीत त्याला सैल दोरी म्हणजे काय हे कधी कळलंच नाही, कारण ती कायम ताठच. आणि गुंडाळणारी दोरी तर ओढण्याचा क्लासच आहे: आत स्प्रिंग असल्यामुळं गळ्याला सतत हलका ताण आणि ताण वाढवला की आणखी दोरी सुटते. ती आजच माळ्यावर टाका.

म्हणून एकच नियम, तो घरातल्या प्रत्येकानं पाळायचा. दोरी सैल तर पाय पुढं, दोरी ताठ तर पाय जागेवर. तुम्ही दहा वेळा थांबलात आणि अकराव्या वेळी कामाची घाई म्हणून तसंच पुढं गेलात, तर कुत्रा शिकतो की अकरा वेळा ओढलं की काम होतं. कधीतरीच यश मिळतं ती सवय सगळ्यात चिवट असते.

पण हा नियम थेट रस्त्यावर सुरू करू नका. पहिल्या दिवशी गेटपासून खांबापर्यंत जायला अर्धा तास लागेल, तुम्ही वैतागाल आणि तिसऱ्या दिवशी सोडून द्याल. सुरुवात हॉलमध्ये करा.

घरातला पहिला आठवडा असा. जेवणाआधी, पोट थोडं रिकामं असताना, पाच मिनिटांचा एक धडा, दिवसातून तीनदा. एक छोटा शब्द ठरवा जो घरात दिवसभर वापरला जात नाही. "छान", "शाब्बास" नको, ते सगळे जण सारखे म्हणतात. "टिक" चालेल. आधी नुसतं टिक म्हणा आणि एका सेकंदात खाऊ द्या, वीस वेळा. मग दोरी लावा आणि एक पाऊल टाका. तो तुमच्या डाव्या पायाशी असताना "टिक", आणि खाऊ कुठं द्यायचा ते नीट वाचा: पँटच्या बाजूच्या शिवणीला हात चिकटवून, त्याच्या तोंडाच्या उंचीवर, तुमच्या गुडघ्याच्या किंचित मागं. बरेच लोक खाऊ पोटासमोर धरतात. मग कुत्रा तुमच्या पुढं येऊन आडवा चालतो, पायात येतो, आणि आपण म्हणतो याला चालता येत नाही. खाऊ जिथं मिळतो तिथं कुत्रा उभा राहतो, इतकं ते सरळ आहे.

एका पावलाला एक खाऊ. दहापैकी आठ वेळा नीट जमलं की दोन पावलांना, मग तीन, मग पाच. पाचच्या पुढं आकडा ठरावीक ठेवू नका, कधी दोन पावलांवर, कधी नऊ पावलांवर. हॉलमध्ये जमलं की गच्चीवर, मग पार्किंगमध्ये, मग गेटच्या आत, आणि सगळ्यात शेवटी गल्लीत. प्रत्येक नव्या जागी पुन्हा एका पावलापासून सुरुवात करायची. हॉलमधलं शहाणपण गल्लीत आपोआप येत नाही.

खाऊबद्दल. कडक भाकरी दोन कारणांनी चुकीची. ती चावायला दहा सेकंद लागतात, तेवढ्यात कुत्रा थांबतो, चुरा पडतो, मग तो जमीन हुंगत बसतो आणि चाल मोडते. आणि रस्त्यावरच्या वासांपुढं ती फिकी. न चावता गिळता येईल असं मऊ काहीतरी हवं: मीठ-मसाला न घालता उकडलेलं चिकन, हरभऱ्याच्या दाण्याएवढे तुकडे. शंभर ग्रॅममध्ये शंभरच्या वर तुकडे होतात, एका दिवसाला पुरतात. शाकाहारी घर असेल तर पनीर, पण कमी, त्यात चरबी असते. जेवढा खाऊ तेवढं ताटातलं कमी करा.

गेट हा स्वतंत्र धडा आहे आणि तुमच्या बाबतीत सगळ्यात मोठा, कारण पहिल्या दहा मिनिटांचं वेड तिथूनच सुरू होतं. दोरी हातात घेतली की उड्या सुरू झाल्या? दोरी परत खिळ्याला अडकवा, खुर्चीत बसा. चारही पाय जमिनीवर आले की परत उठा. गेट चार बोटं उघडा, घुसला की बंद. बोलायचं नाही, रागवायचं नाही, गेटच काय ते सांगेल. दोरी सैल ठेवून तो उभा राहिला की मगच बाहेर. बाहेर पडून तीन पावलं चालून परत आत या. असं पाच-सहा वेळा. बाहेर जाणं हे काही विशेष नाही असं वाटायला लागलं की निम्मं काम झालं.

रस्त्यावर दोरी ताठ झाली की थांबा आणि दोरीचा हात पोटाशी, बेंबीवर दाबून धरा. हात सैल राहिला तर कुत्र्यानं ओढल्यावर तो पुढं जातो आणि कुत्र्याला फुकटात दोन फूट मिळतात, म्हणजे तुम्ही थांबलात पण त्याचं ओढणं यशस्वी झालं. मागं खेचू नका. वाट बघा. तो मागं वळून बघेल, एखादं पाऊल मागं येईल, दोरीचा लोंबता झोळ दिसेल. तिथं "टिक", तो पायाशी आला की पुढं.

दिवस किती? रोज पंधरा-वीस मिनिटं मन लावून केलं तर शांत गल्लीसाठी सहा ते आठ आठवडे. शेळ्या आणि मांजरांसाठी त्याहून बरंच जास्त. डोळ्यांनी शिकार हेरणारी जात आहे, ते रक्तातून काढता येत नाही, त्यावर ताबा शिकवता येतो.

तोपर्यंत व्यायामाचं काय, हे विचाराल. चारी बाजूंनी भिंत असलेलं एखादं मैदान किंवा शेतातलं कुंपण शोधा आणि आठवड्यातून दोन-तीनदा मोकळा पळू द्या. घरात जुनी चादर गुंडाळून तिच्या घड्यांमध्ये त्याच्या जेवणाचे दाणे लपवा. वीस मिनिटं नाकानं शोधाशोध केली की कुत्रा पळून आल्यासारखा शांत झोपतो. आणि कृपा करून त्याला गाडीला बांधून पळवू नका. वर्षाच्या आतल्या कुत्र्याचे सांधे अजून पक्के झालेले नसतात, शिवाय गाडीचा वेग तो ठरवत नाही.

खोगीर_शिलाई:

सामानाबद्दल मी सांगतो.

हार्नेसमुळं ओढणं वाढतं हे अर्धं खरं आहे. कडी पाठीवर असलेल्या हार्नेसला छातीवर रुंद आधार मिळतो आणि कुत्रा बैलासारखा आरामात जोर लावू शकतो. पण तो हार्नेस ओढायला शिकवत नाही, फक्त ओढताना त्रास होऊ देत नाही. कडी छातीवर, दोन पुढच्या पायांच्या मधोमध असलेला हार्नेस घेतला की चित्र बदलतं. पुढं जोर लावला की दोरी कुत्र्याला आडवं वळवते, ताकद सरळ रेषेत लागतच नाही. तरी हे औजार आहे, शिक्षण नाही. दोन आठवड्यांत कुत्रा आडवं चालत ओढायला शिकतो, जर वर सांगितलेला नियम पाळला नाही तर.

कारवानाची खास अडचण मापाची आहे. छाती खोल, कंबर एकदम बारीक, आणि डोकं मानेपेक्षा अरुंद. म्हणून साध्या गळपट्ट्यातून डोकं निसटतं, तुमच्याकडं नेमकं तेच झालं. आणि दोन पट्ट्यांच्या साध्या हार्नेसमधून पण तो मागं सरकत, पुढचे पाय दुमडून बाहेर येऊ शकतो. त्याला तीन पट्ट्यांचा हार्नेस लागतो, तिसरा पट्टा फासळ्या संपतात तिथं, कमरेच्या बारीक भागाच्या जरा पुढं येतो. छातीचा भाग त्या बारीक पट्ट्यातून मागून निघत नाही.

माप घेताना: पट्टा छातीच्या सगळ्यात रुंद भागाभोवती, पुढच्या पायांच्या मागं साधारण तीन बोटं सोडून. पायाला चिकटून बसवला तर काखेत घासतो, आठवड्यात केस उडतात आणि कातडी लाल होते. समोरून बघितलं तर गळ्याचा भाग वाय आकाराचा हवा. खांद्यावरून आडवी पट्टी जाणारा घेऊ नका, पुढचा पाय मोकळा पडत नाही. बांधल्यावर प्रत्येक पट्ट्याखाली दोन बोटं सपाट गेली पाहिजेत, तीन जात असतील तर सैल.

गळपट्टा ठेवायचाच, पण जोड म्हणून. कारवानाला मार्टिंगेल प्रकारचा, चार-पाच सेंटिमीटर रुंद, आतून मऊ कापड लावलेला. यात दोन कड्यांमधून जाणारा एक छोटा फास असतो. ओढ बसली की तो ठरावीक मापापर्यंतच आवळतो, गळा दाबत नाही आणि डोकं पण निघू देत नाही. पूर्ण आवळला तेव्हा दोन कड्या एकमेकींना चिकटल्या नाही पाहिजेत, मध्ये बोटभर अंतर राहिलं पाहिजे. चिकटल्या तर पट्टा मोठा आहे, निसटेल. आणि घरात मोकळा असताना तो काढून ठेवा, फास कशात अडकू शकतो.

दोरी दोन मीटरची, दोन्ही टोकांना हूक असलेली. एक हूक छातीच्या कडीला, दुसरा पाठीच्या कडीला, मध्ये हात. एखादी कडी तुटली तरी कुत्रा हातात राहतो. नायलॉन हातातून सर्रकन गेलं की तळवा भाजतो, म्हणून बाजारात मिळणारी खाटेची सुती नवार आणून, दुहेरी करून शिवून घेतलेली बरी. रुंदी वीस मिलिमीटर पुरते. टाके नुसते आडवे नकोत, चौकोन काढून त्यात फुली मारतात तसे, आणि कडीच्या आतल्या वळणापर्यंत. हूक पितळी किंवा स्टीलचा, फिरकी असलेला घ्या. पांढरं दिसणारं हलकं ओतीव हूक धक्क्यानं मोडतं, बाहेरून तडा दिसत पण नाही. महिन्यातून एकदा खटक्याची स्प्रिंग दाबून बघायची.

तोंडावर बसणारा हॉल्टर या कुत्र्याला नकोच. एकदम झेप घेतली तर मान मुरगळते.

जनावरांचा_दवाखाना:

सामान आणि शिकवणं वर नीट आलंय. प्रकृतीच्या बाजूनं थोडं.

ओढताना घरघर येते ती गळ्यावरच्या दाबामुळं असू शकते. दोरी नसतानाही खोकला येत असेल, विशेषतः उत्साहात किंवा पाणी पिल्यावर, तर आधी तपासून घ्या. गळपट्ट्याला ओढल्यानं डोळ्यातला दाब वाढतो, हार्नेसमध्ये तसा वाढत नाही, हे 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मोजून दाखवलं गेलंय. डोळ्याचा किंवा श्वासनलिकेचा त्रास असलेल्या कुत्र्याला गळपट्ट्यावर दोरी लावूच नये.

कुत्रा एका बाजूला झुकून ओढत असेल, किंवा काही दिवसांतच चाल बदलली असेल, तर नखं, पंजाची जखम आणि मागचे सांधे बघा. नखं फरशीवर टकटक वाजतात म्हणजे वाढलीत. नसबंदी केली की ओढणं थांबेल असं समजू नका. शिकलेली सवय ऑपरेशननं जात नाही.

खाऊबद्दल एक कळकळीची विनंती. आपल्या जिल्ह्यात घराघरात द्राक्षं आणि बेदाणे असतात. कुत्र्याला दोन्ही विष आहेत, मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात, आणि किती खाल्लं की होतं याचा भरवसा देता येत नाही, एखाद्याला थोडे बेदाणे पण महागात पडतात. खाल्ले असतील तर त्रास दिसायची वाट न बघता लगेच डॉक्टरकडं न्या. शेंगाचटणीचा हात चाटायला देऊ नका, त्यात लसूण आणि मीठ असतं. चॉकलेट आणि कांदाही नको.

आणि ऊन. मार्च ते मे आपल्याकडं पारा चाळिशी ओलांडतो. डांबर दिवसभर तापतं आणि सूर्य मावळल्यावर पण बराच वेळ गरम राहतं, त्यामुळं संध्याकाळी साडेसहाला हवा बरी वाटली तरी रस्ता पंजे भाजतो. हाताची मागची बाजू रस्त्यावर सात सेकंद ठेवून बघा. ठेववत नसेल तर कुत्रा बाहेर नको. ओढणारा कुत्रा जास्त तापतो कारण तो चालत नसतो, सतत जोर लावत असतो. घट्ट चिकट लाळ, हिरड्या लालभडक, चालताना झोक जाणं ही उष्माघाताची लक्षणं. कुत्र्याचं नेहमीचं तापमान 100.5 ते 102.5 फॅरनहाइट, 104 च्या वर गेलं की धोका. सावलीत घ्या, नळाचं साधं पाणी पोटावर, काखेत, पंजांवर ओता, पंखा लावा आणि पाणी ओतत ओततच दवाखाना गाठा. ओला टॉवेल अंगावर पांघरून ठेवू नका, उष्णता आत कोंडते.

रेबीजचा डोस दरवर्षी, तारीख चुकवू नका. भटक्या कुत्र्यांच्या गल्लीतून जाणार आहात.

विजापूर_नाका:

सगळ्यांचे मनापासून आभार. बारा दिवस झाले, अहवाल देतो. तीन पट्ट्यांचा हार्नेस शिवून घेतला, नवारीची दोरी आली. हॉलमध्ये आणि गच्चीवर सुंदर चालतो. गेटचा धडा चार दिवसांत जमला, मला खरं वाटेना.

दोन अडचणी. एक, गल्लीत तो ओढतो, मी थांबतो, तो मागं येतो, खाऊ घेतो, लगेच परत ओढतो. दहा मीटरमध्ये पंधरा वेळा. त्यानं हा खेळच करून टाकलाय. दोन, कोपऱ्यावर पाच-सहा भटकी कुत्री बसतात. ती भुंकली की हा चिकन पण तोंडात घेत नाही, नुसता ताठ उभा राहतो आणि मग झेप. आईला तिथून नेता येत नाही.

सैल_दोरी:

पहिली अडचण अगदी नेहमीची आहे. त्याच्या डोक्यात साखळी तयार झाली: ओढ, परत ये, खा. परत येण्यावर खाऊ मिळतोय म्हणून ओढणं हा त्या खेळाचा पहिला टप्पा झाला. आता परत आल्यावर काही देऊ नका, नुसतं चालायला लागा. चार-पाच पावलं सैल दोरीत झाली की "टिक". पुढं ही पावलं वाढवत न्या. आणि ओढ लागायच्या आधी पकडायला शिका. कारवान पुढं घुसायच्या आधी कान पुढं घेतो, मान लांब करतो, शेपटी वर येते. दोरीचा झोळ कमी व्हायला लागला, पण अजून ताठ नाही, त्या क्षणी "चल" म्हणून उलट्या दिशेला वळा. वळणं आधी गच्चीवर शिकवून ठेवा, दिवसात वीस वेळा, प्रत्येक वेळी वळल्यावर खाऊ. ताठ झाल्यावर वळलात तर तो हिसकाच होतो.

खाऊपेक्षा मोठं बक्षीस रस्त्यावर फुकट पडलेलं असतं ते वापरा. समोर खांब आहे, त्याला वास घ्यायचाय. दहा पावलं सैल दोरीत आला की "जा, वास घे" म्हणून त्याच्याबरोबर खांबापर्यंत जा आणि मिनिटभर निवांत हुंगू द्या. ओढत गेला तर खांब नाही. काही दिवसांत तो खांब दिसला की तुमच्याकडं बघायला लागतो. माझ्या मते हे एकच जमलं तरी निम्मा खाऊ वाचतो.

दुसरी अडचण. कुत्रा चिकन सुद्धा घेत नाही याचा अर्थ तो हट्टी नाही, अंतर कमी पडतंय. त्या अवस्थेत काही शिकत नाही, शिकवायचा प्रयत्नच सोडा आणि मागं व्हा. जिथं त्याला ती कुत्री दिसतात पण तो खाऊ घेतो, ते अंतर शोधा. वीस मीटर असेल, पन्नास असेल. त्या जागी उभं राहा. त्यानं कुत्र्यांकडं बघितलं की लगेच "टिक" आणि खाऊ. परत बघितलं, परत "टिक". तीन-चार मिनिटांत घरी. काही दिवसांनी तो कुत्र्यांकडं बघून स्वतःहून तुमच्याकडं वळेल, ती खूण. मगच दोन मीटर पुढं सरका. एखादा दिवस वाईट गेला तर अंतर परत वाढवा, त्यात कमीपणा नाही.

भटकी कुत्री स्वतःहून अंगावर आली तर ते शिकवणं नाही, बचाव आहे. पळू नका, त्यांच्या डोळ्यात बघू नका, आपल्या कुत्र्याला उचलून किंवा दोरीला लटकवून ठेवू नका. मूठभर खाऊ त्यांच्या मागच्या बाजूला लांब फेका आणि कडेकडेनं निघा. छत्री जवळ ठेवा. ती आपल्या आणि त्यांच्या मध्ये अचानक उघडली की बहुतेक कुत्री थबकतात. पण घरात आधी आपल्या कुत्र्याला उघडणाऱ्या छत्रीची सवय करा, नाहीतर पहिला घाबरेल तोच. दगड उचलण्याचं नाटक करू नका, एखादं कुत्रं त्यानं जास्त बिथरतं. तो कोपरा तूर्त टाळून दुसऱ्या गल्लीनं जा. प्रत्येक वेळी झेप घेतली की तिचा सराव होतो.

सध्या सात रस्ता, पार्क चौकाच्या बाजूला नेऊ नका. जानेवारीत गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या, यात्रेच्या दिवसांत तर शोभेच्या दारूच्या आवाजानं शिकलेला कुत्राही बिथरतो. तेव्हा अंधार पडायच्या आत फिरवून आणा आणि रात्री खिडक्या लावून पंखा मोठा ठेवा.

होटगी_रोड_ताई:

आईंबद्दल लिहिते, कारण त्यावर कुणी नीट लिहिलं नाही आणि मला तीच बाजू जास्त काळजीची वाटते. 23 किलोचा कारवान झेपेत असेल तर एकसष्ट वर्षांच्या बाईंना पाडू शकतो आणि त्या वयात मनगट किंवा खुब्याचं हाड मोडणं साधी गोष्ट नाही.

दोरीचा फास मनगटात कधीच अडकवायचा नाही, बोटांना गुंडाळायची पण नाही. झेप बसली तर बोट निखळतं किंवा बाई फरफटत जाते. फास उजव्या हाताच्या अंगठ्यात घालून मूठ मिटायची, दोरीचा मधला भाग डाव्या हातात, दोन्ही हात पोटाशी. डावा पाय किंचित पुढं, गुडघे हलके वाकलेले. मागं झुकून ओढायचं नाही, घोट्यापाशी तोल जातो. चप्पल नको, मागून बंद आणि घट्ट बसणारं पायताण हवं. साडी नेसत असतील तर पदर खोचलेला आणि निऱ्या घोट्याच्या वर. दोरी निऱ्यांत अडकली की चालता चालता पडायला होतं.

पहिले सहा आठवडे आईंनी त्याला बाहेर नेऊच नये असं माझं मत. त्यांचा वाटा घरातल्या धड्यांचा. दुपारचा आणि रात्रीचा पाच मिनिटांचा धडा त्यांनी हॉलमध्ये घ्यावा. शब्द तोच "टिक", खाऊची जागा तीच, शिवण नसेल तर मांडीच्या बाजूला तळहात टेकवून. तुम्ही एक शब्द आणि त्या दुसरा वापरत असाल तर कुत्र्याला दोन वेगळे खेळ शिकावे लागतात. रात्रीच्या शी-शूसाठी तुम्हीच न्या, जवळच्या रिकाम्या जागेपर्यंत आणि परत. त्या वेळी शिकवायचं नसेल तर दोरी फक्त पाठीच्या कडीला लावा, आणि शिकवायचं असेल तेव्हा छातीच्या कडीलाही. कडी बदलली की नियम बदलला हे कुत्र्याला आठ-दहा दिवसांत कळतं, आणि घाईच्या वेळी ओढू दिलं तरी शिकवलेलं मोडत नाही.

नंतर त्यांनी सुरुवात करताना पहिले काही दिवस तुम्ही सोबत चाला, दुसरी दोरी मार्टिंगेलला लावून सैल हातात धरा. ती फक्त विम्यासारखी, तिच्यावर ओढ द्यायची नाही. सकाळी सहाच्या आत, शेळ्या बाहेर पडायच्या आधी, एकच गल्ली, दहा मिनिटं. सलग आठ दिवस तुमची दोरी एकदाही ताठ झाली नाही तर ती सोडा.

विजापूर_नाका:

ताई, आई रोज चपलेवरच जायची. आज बूट आणले. कोपऱ्यावर चाळीस मीटरवरून चिकन घेतो, पस्तीसवर नाही, मोजून बघितलं. उद्यापासून चाळीसवर उभं राहतो.